शून्य मिलिमीटर

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं : ‘पॅथॉलॉजी लॅबमधल्या तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीतले गमतीदार अनुभव आणि रुग्णसेवेतून मिळालेलं समाधान, असं काहीतरी लिहून द्या.’ गमतीदार अनुभव हवे तेवढे आहेत. समाधानाचं मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल.

गमती अशा. ‘उपाशीपोटी या’ म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेले निदान चार जण मला आठवतात, आणि चौघांनीही वर मलाच ऐकवलं, ‘उपासच आहे ना ताई!’ लघवीसाठी आम्ही बोटभर बाटली द्यायचो. एका गृहस्थांनी ‘कमी पडायला नको’ म्हणून गोडेतेलाचा डबा भरून आणला, यष्टीत मांडीवर घेऊन. एका मास्तरांना साखर निघाली तेव्हा ते माझ्यावर असे संतापले, जणू ती मी घातली होती. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने बायकोची लघवी घेऊन आले. तिच्यात त्यांच्यापेक्षा जास्त साखर निघाली.

झाल्या गमती. हसून झालं असेल तर आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. हे मी आजवर नवऱ्यालाही धड सांगितलेलं नाही.

नव्वदीच्या दशकात मी पेणच्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होते. सासर रोह्याला लागून, वरसे गावात. सकाळी रोहा-पेण यष्टी पकडायची, संध्याकाळी परतीची. टेक्निशियन म्हणजे जी सुई टोचते, काचेवर नाव लिहिते, मायक्रोस्कोपला डोळा लावते आणि जिची रिपोर्टवर सही नसते ती. सही मॅडमची. मॅडम पॅथॉलॉजिस्ट होत्या, लॅब त्यांचीच. सही करण्याआधी प्रत्येक आकडा वाचायच्या. आज हे सांगितलं तर नव्या मुलींना खोटं वाटतं. आज सहीचा शिक्का असतो आणि तो कुणीही मारतो.

रक्ताच्या तपासणीचं लोकांना फार गूढ वाटतं. त्यात काही नाही. काचपट्टीवर एक थेंब पसरायचा, वाळवायचा, जांभळ्या रंगात बुडवायचा, धुवायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. कुठल्या जातीच्या किती. हाताशी बटणांचं मोजणीयंत्र, टक टक टक. या पेशी म्हणजे अंगातली राखण. त्यातली इओसिनोफिल नावाची जात ओळखायला सगळ्यात सोपी, पोटात शेंदरी दाणे भरलेली. जंत झाले, ॲलर्जी झाली, दमा असला की ही जात वाढते. शंभरात एक-दोन असायची ती दहा-पंधरा दिसते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. माणूस समोर बसलाय, छातीतून शिट्ट्या ऐकू येतायत, बोलताना वाक्य पुरं होत नाही, म्हणजे पक्का दमेकरी. आणि काचेवर इओसिनोफिल एकही नाही. शंभर मोजा, दोनशे मोजा, शून्य. एक झाला, दोन झाले, सहा झाले. सगळ्यांचे गाल टरटरीत. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच : ‘रोह्याची पुडी चालू हाय.’

रोह्याची पुडी द्यायचे माझे मामेसासरे. नवऱ्याचे सख्खे मामा.

त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर अजूनही तालुक्यातले दहा लोक भांडायला येतील. सरकारी कचेरीतून निवृत्त, पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध. दर रविवारी ओसरीवर रांग लागायची. पेण, नागोठण्यापासून माणसं यायची. वर्तमानपत्राच्या चौकोनात राखाडी पूड, मधातून तीन वेळा. पथ्य मोठं कडक : वांगं नाही, दही नाही, अमावास्येला प्रवास नाही. पथ्याची गंमत अशी की गुण आला तर तो पुडीचा आणि नाही आला तर माणसाने वांगं खाल्लेलं असतं. आणि गुण तर यायचाच. चार दिवसांत धाप बसायची. भूक लागायची. महिनाभरात चेहरा गोल व्हायचा आणि बायका म्हणायच्या, ‘तब्येत बघ कशी भरली!’ सूज आणि तब्येत यांतला फरक न कळणाऱ्या लोकांना बरं करणं फार सोपं असतं.

पुडीत स्टिरॉइड आहे हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. स्टिरॉइड पोटात गेलं की रक्तातून इओसिनोफिल नाहीशा होतात, हे आम्हाला कोर्सच्या पहिल्या सहामाहीत शिकवलेलं. तरी संक्रांतीला तिळगूळ द्यायला नवऱ्याबरोबर मामांकडे गेले तेव्हा मागच्या पडवीत खल दिसला, आणि खलाशेजारी हजार गोळ्यांचा रिकामा प्लास्टिकचा डबा. लेबल ओलं करून खरवडलेलं, पण अर्धवट; उरलेल्या अक्षरांवरून गोळ्या कसल्या ते कळत होतं.

मी आपली सरळ विचारायला गेले. ‘मामा, तुम्ही गोळ्या कुटून घालता का हो त्यात?’

मामा हसले. ‘सूनबाई, तुम्ही रक्त मोजा. आम्ही माणूस बघतो.’

‘पण ते रोज घ्यायचं औषध नाहीये मामा. अंगातली राखण मारतं ते.’

‘किती दिवसांची तुमची नोकरी?’

‘वर्ष होईल.’

‘वर्ष.’ ते नवऱ्याकडे वळले. ‘काय रे, हिला पेणला पाठवायचं कुणी म्हणालं होतं तुझ्या आईला? मीच ना? शिकलेली मुलगी आहे, घरात कुजवू नका, म्हणालो होतो ना मी?’

‘हो मामा.’

‘मग झालं तर.’

घरी येताना नवरा एवढंच म्हणाला, ‘त्यांच्या शब्दावर तू बाहेर पडतेस. ते लक्षात ठेव.’ तो कंपनीत शिफ्टला होता, सासूबाईंना सून घरात हवी होती, आणि मामांच्या एका वाक्यावर माझी नोकरी उभी होती. म्हणजे त्यांच्या दुसऱ्या वाक्यावर ती पडली असती. मी ते लक्षात ठेवलं. फार चांगलं लक्षात ठेवलं.

आता थोडं शास्त्र सांगते, कारण त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही. दिवाळी अंकाच्या वाचकाला शास्त्र आलं की पान उलटायची सवय असते, ठाऊक आहे. उलटू नका.

ही पूड आत जाऊन नेमकं करते काय, असं मी मॅडमना एकदा विचारलं होतं. कुणाची, कुठली, ते न सांगता. त्यांच्याकडे परदेशी मासिकं यायची. म्हणाल्या, ‘हे आत्ता आत्ता कळायला लागलंय, सुनंदा.’ आणि कागदावर वर्तुळात वर्तुळ काढून समजावलं. मला अर्धं कळलं. पुरतं कळलं ते पुढे हमरापूरला, मूर्तींच्या कारखान्यात उभी असताना. तिथे माळ्यावर सगळे साचे रचलेले असतात, बसलेला गणपती, उभा, मोरावरचा, सिंहासनातला. सगळे साचे कायम असतात. पण आज कुठला खाली काढायचा ते मागणीवर ठरतं. न काढलेल्या साच्यातून मूर्ती होत नाही.

पेशीचं तसंच. अंगातल्या प्रत्येक पेशीच्या मध्यभागी सगळे साचे आहेत. डोळ्याच्या पेशीत तेच, आतड्याच्या पेशीत तेच. त्यांना जीन म्हणतात. फरक पडतो तो कुठला साचा खाली निघतो आणि कुठला माळ्यावर राहतो यात. राखणीच्या पांढऱ्या पेशी एरवी आळसात असतात, त्यांचे लढाईचे साचे वरच. जंतूचा तुकडा समोर आला की पेशीच्या कडेवर खूण पटते, निरोप आत जातो. आत काही निरोपे बांधून ठेवलेले असतात, त्यांची दोरी सुटते. ते मध्यभागी शिरतात, नेमक्या साच्यांवर हात ठेवतात, आणि साचे निघायला लागतात : सोबत्यांना हाका मारणारी रसायनं, सूज आणणारी रसायनं. झोपलेली पेशी अशी जागी होते. काम संपलं की साचे परत वर चढवायचीही सोय असते, नाहीतर राखणदारच घर जाळेल.

स्टिरॉइड हे त्या वर चढवण्याच्या सोयीतलंच औषध. ते थेट मध्यभागी जातं. लढाईच्या साच्यांवर हात ठेवायला आलेल्या निरोप्यांना हात लावू देत नाही, आणि त्यांना बांधायची दोरी आणखी वळायला लावतं. दम्यात राखण उगाच पिसाळलेली असते, म्हणून आराम पडतो. औषध वाईट नाही. जाणत्या डॉक्टरने मोजून दिलं तर जीव वाचवतं, मी पाहिलेत वाचलेले. पण ते चोर आणि पाहुणा ओळखत नाही. ज्या पेशीने क्षयाच्या जंतूवर धावायचं तीही बसून राहते. आमचे मामा वर्षानुवर्षं निम्म्या तालुक्याची राखण झोपवत होते, आणि लोक पाया पडत होते.

हिराबाई हमरापूरची. नाव खरं नाही, गाव खरं आहे. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. सासरचा कारखाना, मूर्तींची आखणी ती करायची. आखणी म्हणजे डोळे काढणं : भुवई, पापणीची रेघ, बुबुळ. मूर्ती कुणीही ओतेल, अंगाचा रंग कुणीही मारेल. आखणी करणारा हात पंचक्रोशीत दोन-तीनच. आजूबाजूचे कारखानेवाले आपल्या मोठ्या मूर्ती तिच्याकडे पाठवायचे. प्लास्टरच्या धुळीने आणि रंगाच्या फवाऱ्याने तिला दमा लागला होता, आणि धाप लागलेल्या माणसाला सरळ रेघ मारता येत नाही. म्हणून होळीपासून गणपतीपर्यंत ती पुडी घ्यायची.

आषाढात ती लॅबमध्ये आली. दीड महिना खोकला, संध्याकाळी कणकण. पेणच्या एका फिजिशियनने चिठ्ठी दिली होती : रक्त आणि मॅन्टू. मॅन्टू म्हणजे क्षयाच्या जंतूच्या अर्काचा थेंबभर हाताच्या कातडीत टोचायचा आणि तीन दिवसांनी बघायचं. अंगाची आणि त्या जंतूची गाठ पडलेली असली तर राखणदार पेशी ओळख धरून असतात; साचे काढतात, गोळा होतात, आणि तिथे कडक गाठ येते. गाठ किती मिलिमीटर, तो रिपोर्ट.

मी उजव्या बाहीला हात घातला तशी ती ओरडली, ‘त्यो नको गो बाय! आखनीचा हात हाय. डावा घे.’

‘अहो, एवढीशी सुई आहे.’

‘सुई एवढीशी, नि गाठ आली तर? गनपतीला तिरला करू काय?’

गाल गोल, मनगटं काटकुळी. मनगटं बघूनच मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. डाव्या हातावर टोचलं.

तीन दिवसांनी आली ती कोपरापर्यंत निळा रंग घेऊन. सिझन ऐन भरात होता, तासाभराची सुट्टी काढून आलेली. गाठ मोजायची आमची पद्धत साधी. बॉलपेन टोचल्या जागेच्या बाहेरून आत हलकेच ओढत न्यायचं. कडक भाग लागला की पेन अडतं, तिथे खूण. दोन्ही बाजूंनी खुणा करायच्या, मधलं अंतर पट्टीने मोजायचं. माझं पेन इकडून तिकडे सरळ निघून गेलं. परत ओढलं. कातडी मऊ. टोचल्याची खूणसुद्धा नाही.

‘काय निंगालं?’

‘काही नाही.’

‘म्हंजी बरं ना?’

मी आत जाऊन तिची काच लावली. दमेकरी बाई, आणि इओसिनोफिल शून्य. बाहेर आले.

‘हिराबाई, पुडी घेता का कुठली?’

‘रोह्याची. यंदा जास्तीच घेतंय, सिझनच तसा हाय.’ मग माझ्याकडे बघून हसली. ‘तुमच्याच घरची ना गो ती? मामा बोललं, आमची सून हाय पेनला, रक्त तपासते, तिलाच इचारा आमच्या पुडीचा गुन!’

असा माझा उपयोग चालला होता. मला माहीतही नव्हतं.

त्या गाठ न येण्याचा अर्थ दोनांपैकी एक होता. एक, बाईची क्षयाशी गाठच पडलेली नाही. दोन, पडलीय, पण साचे काढायची पेशींना परवानगी नाही. कुठलं खरं, ते मॅन्टू सांगू शकत नव्हती. म्हणून असल्या वेळी शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं असतं : ‘रुग्ण स्टिरॉइड घेत आहे, निष्कर्षावर विसंबू नये.’ एवढं एक वाक्य. ते वाचून कुठलाही डॉक्टर थुंकी तपासेल, एक्स-रे नीट बघेल.

मी रकाना कोरा ठेवून रिपोर्ट मॅडमपुढे नेला.

मॅडमनी वाचला. पेन थांबलं. ‘दमा आहे म्हणतेस, आणि इओसिनोफिल शून्य? परत मोज.’

‘दोनदा मोजलं मॅडम.’

‘आणि मॅन्टू शून्य.’ त्यांनी चष्मा काढला. ‘स्टिरॉइड चालू आहे का हिला? विचारलंस?’

दाराबाहेर बाकावर हिराबाई बसलेली दिसत होती. नखांतला निळा रंग काढत होती.

‘विचारलं. नाही म्हणाली.’

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. सही केली.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मोठंसं काही नव्हतं. मॅडम विचारतील कुठली पुडी. मॅडम गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत, त्या रोह्याला चौकशी करतील. रविवारी ओसरीवर माझं नाव निघेल. सोमवारी माझी यष्टी चुकेल ती कायमची. बस्स. एका बाईच्या छातीसमोर मी माझी यष्टी ठेवली. आणि वर स्वतःला समजावलं की एक्स-रेत दिसेलच, डॉक्टर शिकलेले आहेत, बघतील.

डॉक्टरांनी काय बघितलं? कागद बघितला. आपल्याकडे डॉक्टर कागद बघतो, पेशंट डॉक्टरच्या गाडीकडे बघतो, आणि तपासलं गेलं असं दोघांनाही वाटतं. एक्स-रेवर थोडं धुरकट काहीतरी होतं म्हणे. पण मॅन्टू शून्य आहे, मग क्षय नाही. दम्याची औषधं वाढवून दिली. पुडी चालूच. त्या वर्षी हिराबाईने सगळ्या मूर्तींची आखणी वेळेत पुरी केली. लोक म्हणाले, मामांच्या हाताला यश आहे.

विसर्जन झालं आणि पितृपक्षात तिचं डोकं दुखायला लागलं. उलट्या. मग बोलताना तोल जायला लागला, मग शुद्ध. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता.

हे मला कळलं ते तिच्या नवऱ्याकडून. दिवाळीनंतर तो स्वतःचं रक्त तपासायला आला होता. गरीब स्वभावाचा माणूस. मी दंडाला पट्टा बांधत होते आणि तो सांगत होता.

‘तिथला डाक्टर लय भडकला. तुमचा रिपोट दावला त्याला. बोलला, हिला स्टिराईड कोन देत व्हतं? आमी बोललो, नाय साहेब, कोन नाय. आयुर्वेद हाय. वांगासुदिक खाल्ला नाय तिनं.’

‘आता कशा आहेत?’

‘जगली. पन उजव्या हातात काय राह्यलं नाय. भात खाते, पानी पिते. बोटात नेम नाय.’ मग म्हणाला, ‘तुमी बरोबर केलतं सगलं, ताई. आमचंच नशीब.’

मी रक्त काढलं. कापूस लावला. ‘दाबून धरा’ म्हटलं.

कुणी विचारेल, मग निदान तेव्हा तरी मॅडमना सांगितलंस का? नाही. त्यानंतर मी काय केलं, तर शेरे लिहायला लागले. जरा संशय आला की ‘स्टिरॉइड? खात्री करावी.’ वर्षभरात एवढे शेरे लिहिले की मॅडम म्हणाल्या, ‘सुनंदा, हल्ली तुला सगळीकडे स्टिरॉइडच दिसतं.’ कुठली पुडी, ते मात्र एकातही लिहिलं नाही. पुढे मॅडम मुलाकडे पुण्याला गेल्या, लॅब दुसऱ्याने घेतली. माझ्या प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र लिहून देऊन गेल्या. ते माझ्याकडे आहे. अजून फाडलेलं नाही, यावरून माझी परीक्षा करा.

मामा पुष्कळ जगले. शेवटपर्यंत ओसरी भरलेली. शोकसभेत एका पुढाऱ्याने त्यांना ‘रोह्याचे धन्वंतरी’ म्हटलं. ते पुढारी स्वतः छातीत दुखलं की मुंबई गाठायचे. एका शिक्षकाने आयुर्वेदाच्या प्राचीन गौरवावर अर्धा तास घेतला. हजार गोळ्यांच्या डब्याचा गौरव कुणी केला नाही. मी चहा फिरवत होते. ज्यांचे गाल गोल झाले होते त्यांच्यातले दोघं-तिघं डोळे पुसत होते, आणि मला मनातून त्यांचा राग आला, एवढी मी निर्लज्ज आहे. फसणाऱ्यावर रागावणं फार सोयीचं असतं. त्यात फसवणाऱ्याच्या शेजारी आपण उभ्या आहोत, हे दिसत नाही.

हा लेख लिहायचा ठरवल्यावर मला वाटलं, हिराबाईला न सांगता हे छापणं म्हणजे आणखी एक कोरा रकाना. म्हणून मागच्या महिन्यात हमरापूरला गेले. कारखाना आता मोठा झालाय, पत्रे नवे आहेत. हिराबाई दाराशी खुर्चीत बसून डाव्या हाताने मूर्तींच्या पाटांना रंग मारत होती. केस पांढरे. आखणी आता सून करते, आत बसून. तिने मला लगेच ओळखलं. ‘पेनची रक्तवाली ना गो? बस.’ सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी चहा यायच्या आधी सांगितलं. सगळं. पुडी, डबा, काच, शेऱ्याचा कोरा रकाना, मॅडमचा प्रश्न, माझं उत्तर. ती रंग मारत राहिली. मी थांबले तेव्हा ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

‘मॅडमनी इचारलं तवा मी कुठं व्हते?’

‘बाहेर. बाकावर.’

‘मी बाकावर, नि तू आत सांगलंस, नाय म्हनते म्हनून.’

‘हो.’

‘मी तर व्हय बोलले व्हते.’

‘हो.’

सून चहा घेऊन आली. हिराबाईने तिला हातानेच आत जायला सांगितलं. कप तसाच तिच्या हातात परत गेला. मग ती समोर वाळत घातलेल्या मूर्तींकडे वळली. त्यांना अजून डोळे काढलेले नव्हते.

‘त्यो शेरा का काय, लिवायला किती टाइम लागला असता गो?’

‘अर्धा मिनिट.’

‘अर्धा मिनिट,’ ती म्हणाली. ‘येका डोल्याला मना तेवढाच लागायचा.’